काविळीबरोबर येणारी हुडहुडी

काविळीच्या रोग्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. वास्तविक रोग्याला जग पूर्वी होते तसेच दिसते. पिवळा दिसतो तो रोगी, आणि तोही इतरांना. म्हणीतील ही चूक निरुपद्रवी आहे. परंतु याच शब्दाभोवती दुसरी एक चुकीची समजूत शिकलेल्या घरांतूनही मुरून बसलेली आहे, आणि तिच्यापायी माणसे दगावतात. कावीळ हा एक रोग असून त्यास एक उपाय आहे, ही ती समजूत होय.

कावीळ हे केवळ चिन्ह आहे. पित्तातील पिवळे रंगद्रव्य रक्तात साठले म्हणजे डोळ्यांचे पांढरे बुबुळावरण व त्वचा यांवर त्याची छटा चढते. ते साठण्याची कारणे मुख्यतः तीन. रक्तातील तांबड्या पेशी फार वेगाने फुटू लागणे हे एक. यकृताला सूज येऊन त्याचे काम मंदावणे हे दुसरे. आणि यकृत आपले काम चोख करीत असताही पित्त वाहून नेणारी वाट कोठेतरी बुजणे हे तिसरे. या तिसऱ्या प्रकारात, बुजलेल्या वाटेत रोगजंतू शिरले म्हणजे जो प्रसंग ओढवतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. त्यावर प्रतिजैविक औषधे आहेत, चांगली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी मिळतातही. तरीही केवळ त्या औषधांच्या भरवशावर राहिलेला रोगी हातचा जाऊ शकतो. असे का व्हावे हे समजण्यास त्या वाटेची रचना पाहिली पाहिजे.

निरोगी माणसाचे यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृतातील केसासारख्या बारीक नळ्यांतून ते झिरपते. ओहोळ ओढ्यास आणि ओढे नदीस मिळावेत तशा त्या नळ्या एकमेकींस मिळत जातात, आणि शेवटी यकृताबाहेर एकच मुख्य पित्तनलिका उरते. तिची लांबी बोटाएवढी आणि आतील पोकळी सुमारे सहा मिलिमीटर, म्हणजे जुन्या काळच्या बोरूच्या लेखणीएवढीच. वाटेत एका बाजूस पित्ताशयाची पिशवी लोंबकळत असते. तीत पित्त साठते व आटून दाट होते. नलिका जेथे लहान आतड्यास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे आहे. रुगेरो ओडी या इटालियन तरुणाने वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच १८८७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास ओडीचे कडे म्हणतात. जेवणानंतर हे कडे सैल होऊन पित्त आतड्यात सोडते, एरवी ते मिटलेले असते. आतड्यात जंतूंची वस्ती अपार, आणि त्यापासून बोटभर अंतरावरील पित्त मात्र जवळजवळ निर्जंतुक! एक तर हे दार मिटलेले असते, आणि दुसरे म्हणजे वरून खाली अखंड वाहणारी धार दारातून आत डोकावणाऱ्या जंतूंना पुन्हा बाहेर लोटीत असते. वाहते पाणी नासत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता पित्ताशयात तयार झालेला एखादा खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा वा हरभऱ्याएवढा, घसरून या नलिकेत येतो आणि ओडीच्या कड्यापाशी अडकतो. सर्वांत अधिक आढळणारे कारण हेच. याशिवाय पोटातील मोठे जंत वर सरकून नलिकेत शिरल्याची उदाहरणे काश्मीरमधील डॉक्टरांनी मोठ्या संख्येने नोंदवून ठेविली आहेत; कोणास पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण आवळून येतो, तर कोणास कर्करोगाची गाठ बाहेरून नलिका दाबते. कारण कोणतेही असो, धार थांबली की वरचे पित्त तुंबते. केळीच्या बागेतील पाटात मातीचा ढेकूळ अडकावा आणि मागचे पाणी फुगत जाऊन बांध पाझरू लागावा, तसाच हा प्रकार. आतड्यातील जंतू त्या साचलेल्या पित्तात वाढू लागतात. नलिकेतील दाब एरवी सात ते चौदा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो वीस-पंचवीसच्या पुढे गेला की जंतू व त्यांचे विष यकृतातील सूक्ष्म भेगांवाटे उलट दिशेने थेट रक्तात उतरू लागतात. हुडहुडी भरते ती या क्षणी. पोटाच्या उजव्या कोपऱ्यातील एका बोरूएवढ्या नळीचा रोग त्या क्षणापासून सबंध शरीराचा रोग होतो.

मज्जासंस्थेच्या रोगांसाठी प्रख्यात असलेले पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८७७ साली या विकाराची तीन लक्षणे एकत्र मांडली : थंडी वाजून येणारा ताप, कावीळ, आणि उजव्या बरगडीखाली दुखणे. पुढे १९५९ साली रेनॉल्ड्स व डार्गन या दोघा शल्यवैद्यांनी आणखी दोन लक्षणे जोडली. रोग्याचे भान ढळणे व रक्तदाब उतरणे. ही पाचही दिसू लागली म्हणजे रोगी काठावर आहे असे समजावे. मात्र सर्व लक्षणे सर्वांत असलीच पाहिजेत असे नाही. विशेषतः वृद्ध माणसांत पोटदुखी नावापुरती असते, ताप फारसा चढत नाही, आणि रोगी नुसताच असंबद्ध बोलू लागतो. घरातील मंडळी म्हणतात, वय झाले. वय झालेले असतेच. पण कालपर्यंत पोथी वाचणारे माणूस आज मुलांची नावे विसरते, ते एका रात्रीत वाढलेल्या वयामुळे नव्हे.

आता सोयगावसारख्या गावी हे दुखणे उद्भवले तर काय होते ते पाहू. सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा; परंतु पावसाचे पाणी तापीकडे वाहते आणि बाजारहाटही खानदेशाकडे ओढ घेतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडमार्गे शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळदा गावाकडे चढणारा दुसरा घाटही आहे, पण रात्रीच्या वेळी आजारी माणसास घेऊन त्या वळणांनी जाणे कोणी हौसेने पत्करणार नाही. जळगाव त्या मानाने पुष्कळ जवळ आणि वाट सपाटीची. शहरांतील पुष्कळ कुटुंबांची मुळे अशाच गावांत असतात. मुले पुण्यास किंवा संभाजीनगरास. आईवडील गावी, घर आणि कपाशी सांभाळून. अशा घरातील साठीच्या गृहिणीस एके रात्री जेवणानंतर पोटात कळ येते. ते पित्त म्हणून सोडून दिले जाते. दुसऱ्या रात्री दोन गोधड्या घालूनही न थांबणारी हुडहुडी. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी चहासारखी, डोळे पिवळे. मग शहरातील मुलास काकांचा फोन जातो : “अरे, वहिनींना जरा कावीळ झालीय. काळजी करू नकोस. उद्या सकाळी उतरवून आणतो.”

कावीळ उतरविण्याचे दोन प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहेत. पहिल्यात रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळे होते. पाहणाऱ्यास वाटते, विकार हातांवाटे निघाला. परंतु हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला, तर ठणठणीत माणसाच्या हातांनीही ती निवळी तितकीच पिवळी होते. ही रसायनशास्त्राची साधी गंमत अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी करून दाखविलेली आहे. दुसऱ्या प्रकारात वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफून लहानशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आकसतात, फास सैल पडतात, माळ लांबत लांबत गळ्यातून छातीवर येते. आणि माळेबरोबर कावीळ उतरली असे समजले जाते.

या उपायांवर लोकांची श्रद्धा बसली, ती निव्वळ भोळेपणाने बसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडील बहुसंख्य काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंमुळे होतात. दिल्लीस १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने ती साथ तोवर ठाऊक असलेल्या विषाणूंची नव्हती हे १९८० साली दाखवून दिले, आणि त्या नव्या विषाणूस आज आपण ‘ई’ या अक्षराने ओळखतो. अशी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांनी आपोआप ओसरते. माळ घातली तरी, आणि न घातली तरी. गर्भवती स्त्रियांत मात्र तीही जीवघेणी ठरू शकते. यश विषाणूच्या मुदतीचे असते व श्रेय माळेस मिळते. माळेत विष नाही, चुन्याच्या निवळीतही नाही. तुंबलेल्या पित्तनलिकेच्या रोग्याचे नुकसान होते ते वाया गेलेल्या दिवसांमुळे.

मग घरच्या माणसाने भेद ओळखावा कसा? एक खूण बरीच उपयोगी पडते. विषाणूच्या काविळीत ताप व मळमळ आधी येतात, आणि डोळे पिवळे होऊ लागले की ताप बहुधा उतरतो. पित्तमार्गाच्या जंतुदोषात डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप ही दोन्ही एकाच वेळी हजर असतात. शौचाचा रंग मातकट वा पांढुरका होणे, अंगास खाज सुटणे, पूर्वी कधीतरी सोनोग्राफीत पित्ताचे खडे सांगितलेले असणे, या गोष्टी संशय बळकट करतात. निदान अर्थात् डॉक्टरांनी रक्त तपासून व सोनोग्राफी करूनच करावयाचे आहे. पिवळे डोळे आणि हुडहुडी यांची जोडी दिसल्यास मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून अशाच प्रसंगांकरिता धावत आहे.

आता औषधांकडे वळू. या विकारातील मुख्य आरोपी म्हणजे आतड्यात राहणारा एशरिकिया कोलाय हा जंतू. एशरिख या जर्मन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे वर्णन केले. त्याच्या जोडीस क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस वगैरे मंडळी असतात. पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंग यांना १९२८ साली लागला हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते; परंतु त्या कथेतील एक उपकथा क्वचितच सांगितली जाते. ऑक्सफर्डचे अब्राहम व चेन यांनी १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन रोग्यांस टोचण्यास आरंभ होण्यापूर्वीच, असे प्रसिद्ध केले की, एक जंतू पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य स्वतःच तयार करतो. तो जंतू हाच, आतड्यातला कोलाय! औषध बाजारात येण्याआधीच शत्रूच्या घरी त्याचा उतारा तयार होता. यास्तव पेनिसिलिनने न्यूमोनिया व जखमांचे जंतू शरण आणले, तरी पित्तमार्गाच्या रोग्यास त्याचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन या देशात होऊ लागले. महाराष्ट्रास त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पित्तनलिकेच्या रोग्यास मात्र निराळ्या औषधांची वाट पाहावी लागली.

ती हळूहळू आली. आतड्यातील जंतूंवर बऱ्यापैकी चालणारे अँपिसिलिन १९६१ साली आले. सेफॅलोस्पोरिन या मोठ्या कुळाचा मूळपुरुष तर गटाराच्या तोंडाशी सापडला : सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते तेथे ब्रोत्सू या प्राध्यापकांना १९४५ साली जी बुरशी मिळाली, तिच्यापासून पुढे या औषधांची परंपरा निघाली. आज सर्रास वापरले जाणारे सेफ्ट्रिआक्झोन त्याच कुळातील. त्याचा बराच भाग पित्तावाटे बाहेर पडतो, म्हणून पित्तमार्गाच्या विकारात ते सोयीचे. आणि गंमत अशी की, त्याच कारणाने ते कधी कधी चुन्याशी संयोग पावून पित्ताशयात खड्यासारखा गाळही धरते. औषध थांबविल्यावर तो गाळ बहुधा विरून जातो. याहून दुर्धर रोग्यास पिपेरासिलिन व टॅझोबॅक्टम यांची जोडी देतात, आणि तीही चालत नसेल तर मेरोपेनेमसारखी राखीव औषधे काढतात. जेंटामायसिन स्वस्त आणि प्रभावी खरे. परंतु कावीळ असलेल्या रोग्याच्या मूत्रपिंडास ते लवकर बाधते. गल्लीतील दवाखान्यात विचारपूस न करता मारलेली सुई या कारणानेही महागात पडू शकते.

एवढी औषधे हाताशी असता रोगी का दगावावा? येथे पुन्हा त्या पाटाकडे जावे लागेल. शिरेतून दिलेले औषध रक्तातून यकृतात पोहोचते आणि तेथून पित्तात उतरते. पण पित्त वाहत असेल तरच. नलिकेतील दाब तीस सेंटिमीटरांच्या आसपास गेला की यकृत पित्त पाझरणेच बंद करते. मग औषध दारापाशी येऊन थांबते आणि आतील साचलेल्या डबक्यात जंतू निवांत वाढत राहतात. एके काळी डॉक्टर मंडळी कोणते औषध पित्तात अधिक उतरते याचे कोष्टक पाहून निवड करीत. तुंबलेल्या नलिकेत त्यांपैकी बहुतेक औषधांचे प्रमाण फारच घटते, हे ध्यानी आल्यावर तो आग्रह सैल झाला. प्रतिजैविक औषध येथे मुख्यतः रक्तात सांडलेल्या जंतूंशी लढते आणि रोग्यास वेळ मिळवून देते. डबके उपसण्याचे काम त्याच्याने होत नाही. सौम्य प्रकारात औषधाने ताप उतरतो, खडाही कधी आपण होऊन आतड्यात निसटतो. पण ज्याचा रक्तदाब उतरत आहे, भान जात आहे, त्याची नलिका मोकळी केल्यावाचून गत्यंतर नाही.

पूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागे. आधीच विषबाधेने खचलेल्या माणसावर मोठी शस्त्रक्रिया म्हणजे आगीतून फुफाट्यात. सन १९७४ मध्ये जपानात कावाई आणि जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी निराळा मार्ग दाखविला. तोंडावाटे लवचिक दुर्बीण जठरातून लहान आतड्यापर्यंत न्यावयाची, तिच्या टोकाशी असलेल्या तारेने ओडीच्या कड्यास आतूनच छेद द्यावयाचा, आणि खडा खाली ओढावयाचा. डॉक्टर याला ई.आर.सी.पी. म्हणतात, रोग्याच्या घरचे लोक ‘दुर्बिणीतून खडा काढला’ असे म्हणतात, आणि ते वर्णन अगदी बरोबर आहे. नव्याची बाजू किती भक्कम, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ साली आकड्यांनी सिद्ध केले. तीव्र विकाराच्या ब्याऐंशी रोग्यांपैकी निम्म्यांची नलिका दुर्बिणीतून मोकळी केली व निम्म्यांची पोट उघडून. पोट उघडलेल्यांपैकी शेकडा बत्तीस दगावले. दुर्बिणीच्या गटातील शेकडा दहा. प्रतिजैविके दोन्ही गटांना मिळत होती.

या उपचारातही धोका अजिबात नाही असे नव्हे. शंभरांतील काही जणांच्या स्वादुपिंडास त्यामुळे सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो. जेथे दुर्बीण पोहोचत नाही तेथे बरगड्यांमधून यकृतात सुई घालून बारीक नळीने पित्त बाहेर काढतात. रक्तस्रावाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पित्त आतड्यात उतरत नसल्यामुळे अन्नातील स्निग्धांश, व त्याबरोबर के जीवनसत्त्व, अंगी लागत नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. यास्तव दुर्बिणीपूर्वी रक्त गोठण्याची चाचणी करतात व लागल्यास के जीवनसत्त्वाची सुई देतात. ‘आधी तपासण्यांतच वेळ घालवितात’ अशी तक्रार पुष्कळदा कानी येते. त्यांतील ही तपासणी तरी वेळ घालविणारी नाही.

आता तासांचा हिशेब. या विकाराकरिता जपानी वैद्यांच्या पुढाकाराने २००७ साली तयार झालेले आणि २०१८ साली सुधारलेले नियम टोकियोच्या नावाने ओळखले जातात. त्यांप्रमाणे रक्तदाब कोसळलेल्या रोग्यास पहिले प्रतिजैविक एका तासाच्या आत आणि इतरांस सहा तासांच्या आत मिळावे. त्याआधी जंतूंच्या तपासणीसाठी रक्त घ्यावे, म्हणजे पुढे नेमके औषध निवडता येते. सोयगावच्या रोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. पहिली मात्रा व सलाईन यांकरिता घाट चढण्याची गरज नाही. जवळच्या शासकीय रुग्णालयातही शिरेतून औषध देता येते. गरज आहे ती, ते देत असतानाच पुढच्या प्रवासाची तयारी करण्याची. ‘आधी दोन दिवस औषध देऊन पाहू, नाही उतरले तर नेऊ’ हा सल्ला सौम्य वाटतो खरा, पण दुर्धर रोग्याच्या बाबतीत ते दोन दिवस परत मिळत नाहीत. निघण्यापूर्वी फोनवरून एकच प्रश्न विचारून घ्यावा : तेथे दुर्बिणीतून पित्तनलिका मोकळी करण्याची सोय आज, या वेळी आहे काय? संभाजीनगरचे ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासूनचे. जळगावासही २०१८ साली शासकीय महाविद्यालय निघाले. खासगी रुग्णालये दोन्ही ठिकाणी आहेत. कोणत्या शहरी जावे याचा निर्णय जिल्ह्याच्या हद्दीने न करता त्या एका प्रश्नाच्या उत्तराने करावा. महाराष्ट्र शासनाच्या जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यावयाचा असल्यास शिधापत्रिका व आधारपत्र पिशवीत टाकण्यास विसरू नये. मध्यरात्री ती शोधण्यात अर्धा तास सहज मोडतो.

नलिका मोकळी झाली की औषधाचा प्रभाव अक्षरशः एका दिवसात दिसू लागतो. ताप उतरतो, माणूस ओळखू लागते. मग औषध किती दिवस चालवावे? वाट मोकळी झाल्यापासून चार ते सात दिवस बहुधा पुरे होतात. रक्तात काही विशिष्ट जंतू सापडल्यास दोन आठवडे, आणि खडा आतच राहिला असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. डोळ्यांचा पिवळेपणा जावयास याहून अधिक दिवस लागतात. तो दिसत राहतो म्हणून पुष्कळ घरी औषध आपल्या मनाने लांबविले जाते. पिवळेपणा हा मागे राहिलेला रंग आहे. तो जंतू असल्याची खूण नव्हे.

औषधे लांबविण्याचा व उगाच घेण्याचा परिणाम याच रोग्यास पुढे भोगावा लागतो. सर्दीतापासाठी दुकानातून घेतलेली प्रत्येक गोळी आतड्यातील त्या कोलाय मंडळीस थोडे थोडे शिक्षण देत असते. शिकलेले जंतू आतड्यात राहतात, आणि एखाद्या दिवशी खडा अडकला म्हणजे नलिकेत शिरतात ते हेच. सेफ्ट्रिआक्झोनला न जुमानणारे जंतू आता भारतीय रुग्णालयांत नित्याचे झाले आहेत. मेरोपेनेमच्या कुळासही निष्प्रभ करणाऱ्या एका द्रव्यास २००९ साली नवी दिल्लीचे नाव देण्यात आले. त्या नामकरणावरून आपल्याकडे बराच क्षोभ झाला. द्रव्याने मात्र आपला प्रसार चालूच ठेविला. भारत सरकारने १ मार्च २०१४ पासून अशा अनेक औषधांसाठी एच-१ नावाची स्वतंत्र अनुसूची लागू केली. तीतील औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही, आणि विक्रेत्याने रोग्याचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. तालुक्याच्या गावी ही वही कितपत भरली जाते, हे तेथील गिऱ्हाइकांसच अधिक ठाऊक. चिठ्ठी न मागता गोळ्या देणारा दुकानदार भला माणूस वाटतो, ही यातील खरी अडचण.

रोगी घरी आल्यावरही काम संपत नाही. खडे मुळात पित्ताशयात तयार होतात, तेव्हा प्रकृती सुधारल्यावर ते पित्ताशयच काढून टाकण्याचा सल्ला बहुधा मिळतो. बर्लिन येथे लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्याने केलेली ही शस्त्रक्रिया आज पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून होते. ‘आता बरे वाटते, पुढच्या हंगामानंतर पाहू’ असे म्हणून ती टाळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच दुखण्याने परत येतात.

दुसरी गोष्ट याहून सहज विसरली जाते. रोगी फार अशक्त असेल तर डॉक्टर पहिल्या वेळी खडा काढण्याच्या खटपटीत पडत नाहीत. नलिकेत स्टेंट म्हणजे प्लॅस्टिकची लहानशी नळी बसवून पित्तास वाट करून देतात व खडा पुढच्या भेटीसाठी ठेवतात. रोग्यास लगेच आराम पडतो आणि नळी आत आहे हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. ती दिसत नाही, टोचत नाही. साधारण तीन महिन्यांत ती काढावी किंवा बदलावी लागते. कारण त्यापुढे तीत गाळ साचून ती स्वतःच बुजते, आणि तीच हुडहुडी, तोच पिवळेपणा पुन्हा सुरू होतो. घरी पाठविताना रुग्णालय जे कार्ड देते त्यावर औषधांच्या यादीखाली, बहुधा शेवटच्या ओळीत, नळी काढण्यासाठी यावयाची तारीख लिहिलेली असते. ती तारीख गावातील घराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आणि शहरातील मुलाच्या फोनमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी लिहून ठेवावी.